कमवा आणि शिका

गरीब घरातला मुलगा शालान्त परीक्षा पास झाला की घरात आनंद होतो आणि त्याच रात्री काळजीही सुरू होते. कॉलेजची फी किती असेल, ही पहिली काळजी. पण खरा खर्च फीच्या पुढे असतो. कॉलेज परगावी असेल तर राहायला खोली हवी. दोन वेळा जेवायला हवे. पुस्तके, वह्या, परीक्षेचा फॉर्म, सुट्टीत घरी येण्याचे भाडे हे सारे आलेच. याशिवाय एक खर्च असा असतो की तो कोणी कागदावर मांडत नाही. मुलगा कॉलेजात गेला म्हणजे घरातले कमावणारे दोन हात कमी होतात. वडिलांच्या जोडीने तो शेतात किंवा दुकानात राबत होता, ती मजुरी बंद होते. म्हणूनच फी माफ झाली तरी अनेक मुलांचे शिक्षण तिथेच थांबते.

हा हिशेब ज्या माणसाला फार लवकर आणि फार नेमका कळला, तो माणूस स्वतः मॅट्रिकही झालेला नव्हता. त्यांचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. लोकांनी पुढे त्यांना कर्मवीर म्हटले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. त्यांचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. घराणे जैन शेतकऱ्यांचे होते. वडील महसूल खात्यात कारकून होते. त्यांच्या बदल्या होत, त्यामुळे भाऊरावांचे बालपण एका गावात गेले नाही. मुलगा अंगाने दणकट आणि स्वभावाने हट्टी होता. पोहणे आणि कुस्ती यांत त्याचे मन रमे, पुस्तकात कमी रमे. अन्याय मात्र त्याला मुळीच सहन होत नसे. अस्पृश्य मानलेल्या लोकांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, हे पाहून त्याने त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी त्याच्या लहानपणची गोष्ट सांगतात.

पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. त्या काळी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांचे राज्य होते. खेड्यातील मुलाला शहरात राहायची सोय नसेल तर शाळा असून उपयोग नाही, हे महाराजांनी ओळखले होते. म्हणून त्यांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे निघाली. मुसलमान मुलांसाठीही मुस्लिम बोर्डिंग निघाले आणि त्याच्या कामात महाराजांनी स्वतः लक्ष घातले. हे सर्व भाऊराव विद्यार्थी म्हणून पाहत होते.

बोर्डिंगमध्ये सोवळ्याचे नियम कडक होते. भाऊरावांना ते पटत नसत. एकदा ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हावे, असा त्यांना आग्रह झाला. माणसाला भेटल्याने विटाळ होतो हे त्यांना मान्यच नव्हते. त्यांनी साफ नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. परक्या शहरात राहायचे छप्पर गेले म्हणजे विद्यार्थ्याचे काय होते, हे भाऊरावांनी असे स्वतः अनुभवले. त्यांना शाहू महाराजांनी आश्रय दिला. सर्वांनाच असा राजा भेटत नाही. भाऊराव इंग्रजी सहावीपर्यंत शिकले आणि त्यांचे शालेय शिक्षण तिथेच संपले.

त्यानंतर भाऊरावांनी पोटासाठी नाना उद्योग केले. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या. १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे एक प्रकरण घडले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, म्हणून भाऊरावांवर दडपण आले. गंमत अशी की हे लठ्ठे जैन बोर्डिंगचे प्रमुख होते आणि भाऊरावांना बोर्डिंग सोडावे लागले ते त्यांच्याच काळात. तरीही भाऊरावांनी खोटे बोलण्यास नकार दिला. त्यासाठी त्यांनी तुरुंगवास सोसला. पुढे त्यांनी ओगले बंधूंच्या काचकारखान्याचे कंदील विकले आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. विक्रीसाठी ते गावोगाव हिंडत. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसत. त्याचे देणे, त्याचे कर्ज, त्याची अडचण ऐकत. सही करता येत नाही म्हणून सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणारा शेतकरी त्यांनी जवळून पाहिला. नांगर विकणाऱ्या फिरत्या विक्रेत्याला जे दिसले, ते पुष्कळ पदवीधरांना दिसले नव्हते, असे म्हणावेसे वाटते.

भाऊरावांवर महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाच्या विचारांचा प्रभाव होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. रयत हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूतील रईयत तो हाच. अरबीतून फारसीत, फारसीतून मराठीत आलेला हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी इतका रुळला की तो बाहेरून आला हे कोणाच्या लक्षातही राहिले नाही. राज्यात राहणारी, कर भरणारी, राबणारी साधी माणसे म्हणजे रयत. संस्थेचे नाव कोणा धनिकाचे नाही, देवाचेही नाही. ज्यांच्यासाठी ती काढली, त्यांचेच नाव तिला दिले. वडाचे झाड हे तिचे बोधचिन्ह आहे.

या संस्थेने सुरुवातीला काय काढले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मोठे कॉलेज काढले नाही, हायस्कूलही काढले नाही. वसतिगृह काढले. शाळा गावात किंवा शहरात कोणाची तरी असतेच. गरीब मुलगा अडतो तो राहण्याच्या आणि जेवणाच्या प्रश्नावर. तो प्रश्न सुटला तर पुढची वाट तो स्वतः चालू शकतो, असा भाऊरावांचा विचार होता. म्हणून आधी वसतिगृह, मग शिक्षक तयार करणारी शाळा, मग हायस्कूल आणि शेवटी कॉलेज, असा त्यांच्या कामाचा क्रम राहिला. इमारत पायापासून वर बांधावी तसा हा क्रम होता.

१९२४ साली भाऊरावांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. शाहू महाराजांनी वेगवेगळ्या समाजांसाठी वेगवेगळी वसतिगृहे काढण्यास उत्तेजन दिले होते. भाऊराव एक पाऊल पुढे गेले. त्यांनी सर्व जातिधर्मांची मुले एकाच छपराखाली आणली. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सारी मुले एका पंगतीत बसून एकच भाकरी खाऊ लागली. आज तुम्हांला यात विशेष काही वाटणार नाही. त्या काळी अशी पंगत पाहून लोक रागाने निघून जात. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी या वसतिगृहात आले. त्यांच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले.

पण नाव मोठे झाले म्हणून धान्याची कोठी भरत नाही. पन्नास-शंभर मुलांना रोज दोन वेळा जेवू घालायचे, तर धान्य आणायचे कोठून? भाऊराव सुगीच्या दिवसांत खळ्याखळ्यांवर जात आणि शेतकऱ्यांकडे धान्य मागत. गावोगावच्या बायकांना त्यांनी एक सोपी गोष्ट सांगितली. रोज दळायला बसण्यापूर्वी एक मूठ धान्य वेगळ्या मडक्यात टाकावे. एका मुठीने कोणाचे घर उपाशी राहत नाही. महिनाभराने शंभर घरांच्या त्या मुठी एकत्र आल्या की पोती भरत. ज्या बाईला स्वतःला अक्षर येत नव्हते, तिच्या मुठीवर कोणाचा तरी मुलगा शिकत होता.

वसतिगृहात नोकरचाकर नव्हते. मुले पाणी भरत, झाडलोट करत, सरपण आणत, भांडी घासत. पाटलाचा मुलगा आणि मजुराचा मुलगा यांच्या कामात फरक नव्हता.

या संसाराचा खरा भार भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी उचलला. त्या सधन घरातल्या होत्या. लग्नात त्यांच्या अंगावर भरपूर दागिने होते. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या बाईला सर्व जातींच्या मुलांचे स्वयंपाकघर सांभाळणे सुरुवातीला सोपे गेले नसेल. पण त्यांनी ती मुले आपली मानली. वसतिगृहात अडचण आली की त्यांचा एकेक दागिना विकला जाई. एकदा भाऊराव निधी जमवण्यासाठी दौऱ्यावर गेले होते. कोठीतले धान्य संपले. मुले उपाशी राहणार असे दिसू लागले. लक्ष्मीबाईंच्या अंगावर आता फक्त मंगळसूत्र उरले होते. हिंदू स्त्री पती जिवंत असताना मंगळसूत्र गळ्यातून उतरवत नाही. लक्ष्मीबाईंनी ते उतरवले, विकायला दिले आणि त्या पैशांतून मुलांची जेवणाची सोय केली.

१९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. रयत शिक्षण संस्थेचा इतिहास सांगताना भाऊरावांचे नाव मोठ्या अक्षरांत येते आणि लक्ष्मीबाईंचे नाव एका प्रसंगापुरते येते. हे योग्य नाही. मुलांच्या जेवणाचा खर्च कोणी तरी दिला म्हणून मुले शिकली. तो पहिल्यांदा या बाईने दिला, आणि परत मिळण्याची अपेक्षा न ठेवता दिला. पुढे त्यांच्या नावाने साताऱ्यात शिक्षणोत्तेजक पतपेढी निघाली. सोन्याचे दागिने संपले, पण त्यांतून सुरू झालेली मदत संपली नाही.

भाऊरावांचे काम वाढत गेले. १९३२ साली त्यांनी पुण्यात युनियन बोर्डिंग सुरू केले. १९३५ साली साताऱ्यात शिक्षक तयार करण्यासाठी अध्यापक विद्यालय काढले. तिथून बाहेर पडलेले तरुण शिक्षक खेड्यांत गेले आणि जिथे शाळा नव्हती तिथे देवळात, चावडीत, झाडाखाली शाळा भरू लागल्या. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. या हायस्कूलपासून कमवा आणि शिका या कल्पनेला पक्के रूप मिळाले. मुलाने फी द्यायची नाही, राहण्याचे आणि जेवणाचे पैसेही द्यायचे नाहीत. त्याऐवजी त्याने रोज ठरलेले तास काम करायचे. शेतात, बांधकामावर, रस्त्यावर, स्वयंपाकघरात, जिथे काम असेल तिथे.

ही कल्पना ऐकायला सोपी वाटते, परंतु तिच्यामागे खोल विचार आहे. गरीब विद्यार्थ्याला मदत करण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे दान. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. कोणी प्रेमाने वाढे, कोणी कपाळाला आठ्या घालून वाढे. विद्यार्थ्याला मान खाली घालून जेवावे लागे. शिवाय वार मिळण्यासाठी जात पाहिली जाई. भाऊरावांना हे नको होते. मुलगा स्वतःच्या घामाची भाकरी खातो आहे, तर त्याने मान का खाली घालावी? काम करताना त्याला लाज वाटू नये, म्हणून भाऊराव स्वतः कुदळ घेऊन मुलांबरोबर उभे राहत. खादीचा साधा वेश, पांढरी दाढी, हातात काठी आणि पाय अनवाणी, असा हा संस्थेचा संस्थापक माळावर दगड उचलताना दिसे.

या विचाराचे लोक जगात इतरत्रही होऊन गेले. अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन हे गुलामीत जन्मलेले काळे शिक्षक होते. १८७२ साली ते हॅम्प्टन येथील शाळेत पोहोचले तेव्हा त्यांच्याजवळ पैसे नव्हते. तेथे एक खोली झाडून स्वच्छ करणे हीच त्यांची प्रवेश परीक्षा झाली आणि मग झाडलोटीचे काम करून त्यांनी आपला जेवणखर्च भागवला. १८८१ साली त्यांनी टस्कगी येथे संस्था उभारली, तेव्हा तिच्या इमारतींसाठी विटा विद्यार्थ्यांनीच भाजल्या. भाऊरावांना पुष्कळ लोक महाराष्ट्राचे बुकर टी. वॉशिंग्टन म्हणत. आपल्या देशात अलीगढला सर सय्यद अहमद खान यांच्या कॉलेजात १८९० साली साहेबजादा आफताब अहमद खान यांनी अंजुमन-उल-फर्ज ही मंडळी स्थापन केली. कॉलेजचे विद्यार्थी सुट्टीत गावोगाव फिरून गरीब विद्यार्थ्यांसाठी पैसे गोळा करत. एकाने शिकावे म्हणून दुसऱ्या विद्यार्थ्याने दारोदार जावे, हेही एक प्रकारचे श्रमदानच. साताऱ्यात मात्र जो शिकणार, तोच राबणार होता.

जून १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होण्याच्या तोंडावर, भाऊरावांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. आतापर्यंत त्यांची मुले मॅट्रिक होत आणि कॉलेज परवडत नाही म्हणून परत फिरत. आता त्यांच्यासाठी कॉलेजही उघडले. विद्यार्थी सकाळी वर्गात बसत आणि दुसऱ्या वेळी मैदान सपाट करत, खडी फोडत, शेत पिकवत. कॉलेजचे नाव बदलले तर मोठी देणगी देऊ, असे एका श्रीमंत गृहस्थाने सुचवले होते आणि पैशांची निकड असूनही भाऊरावांनी ती देणगी नाकारली, अशी आठवण सांगतात.

या पद्धतीत अडचणी नव्हत्या असे नाही. दिवसभर खडी फोडून आलेल्या मुलाला रात्री कंदिलाजवळ बसले की झोप येते. ज्याच्या घरून मनिऑर्डर येते, त्याला अभ्यासाला जेवढा वेळ मिळतो, तेवढा राबणाऱ्याला मिळत नाही. दोघांची परीक्षा मात्र एकच असते. कमवा आणि शिका हा न्यायाचा शेवट आहे असे समजू नये. ज्याच्यापुढे शिक्षण सोडणे एवढाच मार्ग उरला होता, त्याच्यासाठी तो एक दुसरा मार्ग होता. आणि त्या मार्गाने पुष्कळ जण खूप दूरपर्यंत गेले.

त्यांपैकी एक नाव सांगतो. पी. जी. पाटील हे गरीब कुटुंबातले विद्यार्थी शाहू बोर्डिंगमध्ये राहून शिकले. पुढे ते इंग्लंडला गेले आणि बॅरिस्टर होऊन परत आले. बॅरिस्टरला मुंबईत भरपूर पैसे मिळाले असते. ते मात्र रयत शिक्षण संस्थेतच काम करत राहिले आणि नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. असे अनेक आजीव सेवक भाऊरावांना मिळाले. हे लोक थोड्या पगारात सारे आयुष्य संस्थेला देत. इस्माईलसाहेब मुल्ला हेही भाऊरावांच्या जवळच्या सहकाऱ्यांपैकी एक. साताऱ्यातील संस्थेच्या लॉ कॉलेजला आज त्यांचे नाव आहे. सर्व जातिधर्मांच्या मुलांची एक पंगत बसवणाऱ्या माणसाने सहकारी निवडतानाही जात किंवा धर्म पाहिला नाही.

मुलींचाही विचार झाला. साताऱ्यात जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले आणि तेथून शिक्षिका तयार होऊ लागल्या. तरीही मुलांच्या मानाने मुलींची संख्या बराच काळ थोडी राहिली. दूरच्या वसतिगृहात मुलीला पाठवण्याची आईवडिलांची तयारी नसे. तो प्रश्न फक्त पैशांचा नव्हता.

१९४८ साली महात्मा गांधींची हत्या झाली. त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच सुमारास त्यांच्यावर मोठे संकट आले. सरकारवर त्यांनी उघडपणे टीका केली होती. तिचा राग धरून मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. शेकडो शिक्षकांचे पगार आणि हजारो मुलांचे जेवण अडचणीत आले. साठीच्या घरात पोहोचलेले भाऊराव पुन्हा गावोगाव फिरू लागले. ज्या रयतेने मूठ मूठ धान्य दिले होते, तिने या वेळीही हात आखडता घेतला नाही. संत गाडगे महाराजही त्यांच्या बाजूने उभे राहिले. अखेर अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कराडला कॉलेज काढले, तेव्हा भाऊरावांनी त्याला गाडगे महाराजांचे नाव दिले. गाडगे महाराजांना स्वतःला लिहिता वाचता येत नव्हते.

आता आपण साताऱ्याहून अहमदनगर जिल्ह्यात येऊ. या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. श्रीरामपूर हे या जिल्ह्यातील मोठे बाजाराचे गाव आहे. पूर्वी याला बेलापूर रोड म्हणत. दौंड-मनमाड लोहमार्गावरील येथील स्थानकाचे नाव पुष्कळ काळ बेलापूर असेच राहिले. भंडारदऱ्याच्या धरणामुळे प्रवरेच्या कालव्यांना पाणी आले आणि येथे ऊस पिकू लागला. हरेगाव, टिळकनगर येथे साखर कारखाने निघाले. ऊस आला तसे बागायतदार आले आणि त्यांच्याबरोबर ऊसतोडणी करणारे, गाडी हाकणारे, हमाली करणारे, छोटी दुकाने चालवणारे लोकही आले. बागायतदाराचा मुलगा पुण्याला जाऊन शिकू शकत होता. हमालाच्या मुलाला ते शक्य नव्हते. १९४७ साली अहमदनगर कॉलेज निघाले, पण तेही श्रीरामपूरच्या गरीब मुलाला दूरच होते. रोज जाणे-येणे जमणारे नव्हते आणि तिथे राहायचे तर खोली आणि खानावळ आलीच.

ही अडचण दूर व्हायला एक बागायतदारच उपयोगी पडले. रावबहादूर नारायणराव बोरावके हे या भागातील नामवंत ऊसबागायतदार होते. त्यांच्या नावाने रयत शिक्षण संस्थेने १९६० साली श्रीरामपुरात कॉलेज सुरू केले. कॉलेज घराजवळ आले म्हणजे काय होते, हे गरीब घरातील विद्यार्थ्याला विचारावे. खोलीभाडे वाचते. खानावळ वाचते. मुलगा सकाळी कॉलेजात जातो आणि दुपारी वडिलांच्या हातगाडीवर उभा राहतो. मुलगी संध्याकाळच्या आत घरी येते, म्हणून तिलाही पाठवतात. पुढे याच संस्थेचे वाणिज्य शाखेचे चंद्ररूप डाकले जैन कॉलेजही श्रीरामपुरात निघाले. त्या सुमारास राज्य सरकारने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांसाठी फीमाफीची सवलत सुरू केली होती. तिला लोक ई.बी.सी. म्हणत. फीचा भार सरकारने उचलला, राहण्याजेवणाचा भार घराजवळच्या कॉलेजने हलका केला. दोन्ही एकत्र आल्यावर पुष्कळ घरांतला पहिला पदवीधर तयार झाला.

श्रीरामपूरचे हे कॉलेज पाहायला भाऊराव नव्हते. १९५९ हे त्यांचे शेवटचे वर्ष ठरले. त्या वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाच्या नावापुढे आता डॉक्टर लागले. त्या वेळी ते फार आजारी होते. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

ज्या विद्यापीठाने त्यांना पदवी दिली, त्याला आता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ म्हणतात. गरजू विद्यार्थ्यांसाठी या विद्यापीठाची एक योजना आहे. कर्मवीर भाऊराव पाटील कमवा आणि शिका योजना हे तिचे नाव. विद्यापीठाला जोडलेल्या महाविद्यालयांतून ती राबवली जाते. खडी फोडण्याचे काम आता नाही. विद्यार्थी ग्रंथालयात पुस्तके लावतात, कार्यालयात नोंदी करतात, प्रयोगशाळेत मदत करतात, कॉलेजच्या बागेत झाडांना पाणी घालतात. कामाचे तास वहीत लिहिले जातात आणि तासांच्या हिशेबाने पैसे मिळतात. रक्कम फार मोठी नसते. त्यातून कोणी परीक्षेचा फॉर्म भरतो, कोणी एस.टी.चा पास काढतो, आणि कोणी धाकट्या बहिणीची पुस्तके घेतो.